टोळीतली बाई ओपीडीत आली की

प्रिय पोरी,

कर्नाटकातल्या अथणीकडच्या आरोग्य उपकेंद्रावर तुझी ऑर्डर निघाली, म्हणजे दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या तुझ्या दारात येणारच. बीडकडच्या, विजापूरकडच्या. तिथं एक वाक्य तुझ्या कानावर हमखास पडेल: "ही माणसं ऐकत नाहीत, एकदा येतात नि गायब होतात." त्यावर मान डोलवण्याआधी खाड्याचा, म्हणजे गैरहजेरीच्या दंडाचा, हिशोब समजून घे. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात. बाई दवाखान्यात बसली की कोयता अडतो, मुकादम खाडा लावतो आणि तो उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, बाकीत चढतो. तिला 'पुढच्या मंगळवारी या' म्हणणं म्हणजे येऊ नका म्हणणंच. समोर बसलीय तोवर सगळं उरक.

गरोदर असेल तर त्याच खेपेला बीपी, वजन, हिमोग्लोबिन, लघवी, टीडीचं (धनुर्वात-घटसर्पाचं) इंजेक्शन. लोहाच्या १० गोळ्या हातावर ठेवून पाठवू नकोस, निदान २ महिन्यांच्या दे. हिमोग्लोबिन ७ ते ११ च्या मधे असेल तर रोज २ गोळ्या. ७ च्या खाली असेल तर गोळ्यांवर न भागवता थेट तालुक्याला पाठव. लोहाची गोळी चहाबरोबर लागू पडत नाही, आणि पहाटे फडात जाताना यांच्या पोटात चहाच असतो. म्हणून लोह रात्री जेवणानंतर, कॅल्शियम दिवसा भाकरीबरोबर. दोन्ही एकदम कधीच नाही. पाकिटावर कानडीत लिहून उपयोग नाही, मराठीतही बऱ्याचदा नाही. सरळ चंद्र आणि सूर्य काढ.

तिच्याजवळ महाराष्ट्राचं गरोदरपणाचं कार्ड असेल तर नोंद त्यातच कर. आपलं तायी कार्ड (कर्नाटकातलं आईचं कार्ड) नवं काढलंस तरी जुन्यातलं सगळं त्यात उतरवून घे. दोन अर्धवट कार्डं घेऊन बाई रात्री कळा देत आली, की ड्युटीवरच्याला कशातूनच काही कळत नाही.

मुलाचं लसीचं कार्ड हरवलेलं असेल तर डाव्या दंडावर बीसीजीचा (टीबीच्या लसीचा) व्रण बघ, मांडीत किती सुया झाल्या ते आईला विचार. खात्री पटली नाही तर लस दिलेली नाही असं धरून चाल. कार्डावर डोस दिसत असेल तर मात्र कितीही महिने मधे गेले तरी पहिल्यापासून सुरुवात करायची नाही, राहिलेल्या डोसपासून पुढे. इथं चांगले जुने लोकही चुकतात.

मुकादम सोबत आला तर त्याला बाहेर बसव. अंगावरून जातंय, हे ती त्याच्यासमोर बोलणार नाही. कुणी स्वतःच "पिशवी काढून टाका" म्हणेल, म्हणजे गर्भाशय. पाळीत खाडा नको, हा त्यामागचा हिशोब असतो. बीडमधल्या अशा ऑपरेशनांवर २०१९ मध्ये महाराष्ट्र सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. तिच्यावर ओरडू नकोस. आधी तपासणी, मग जंतुसंसर्गाचं औषध, आणि पिशवीचा विषय फक्त स्त्रीरोगतज्ज्ञांसमोर.

टोळी आज कुठल्या फडात आहे, हे कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाला, पक्कं ठाऊक असतं. त्याचा नंबर ठेव आणि कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर, संध्याकाळीच जा. दिवसा तिथं म्हाताऱ्या नि लेकरंच सापडतील.

टीबीचा पेशंट असेल तर उपचार ६ महिन्यांचे आणि हंगाम त्याआधीच संपणार. कारखान्याचा पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम बंद व्हायच्या, आठवडाभर आधी निक्षयवर (टीबीच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर) त्याच्या गावच्या केंद्राकडे ट्रान्सफर टाक, महिन्याच्या गोळ्या सोबत दे. फोन नंबर घेताना तो कुणाचा हे विचार. बहुतेकदा मुकादमाचाच निघतो, आणि टीबीचा निरोप त्याच्या कानावर जाता कामा नये. गावाकडच्या आशाताईंचा घे.

तुझी,
मावशी