पारंपरिक इंग्लिश बिटर (कडसर बिअर) घरी करायची आहे. गोल्डिंग्ज आणि फगल या नेहमीच्या जाती सोडून कोणते हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलाची फुलं) वापरू?

ब्रॅम्लिंग क्रॉस घ्या.

मी इंग्लंडात केंटमध्ये राहतो, नऊ वर्षं घरी बिटर करतोय. पाच वर्षांपूर्वी इथल्या एका होमब्रू क्लबच्या स्पर्धेत माझी बिटर ठेवली होती. मॅरिस ऑटर जातीच्या बार्लीचा माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), थोडा क्रिस्टल माल्ट, सुरुवातीची ग्रॅव्हिटी (आंबण्याआधीची घनता) १०४०. २३ लिटरला ३५ ग्रॅम ब्रॅम्लिंग क्रॉस तासभर उकळलेले आणि २५ ग्रॅम शेवटच्या पाच मिनिटांत. परीक्षकांनी शेरा दिला: ब्लॅककरंटचा वास, इंग्लिश वाटत नाही. मी जाऊन विचारलं, तर म्हणाले, असले फळांचे वास अमेरिकन हॉप्सना येतात, आमच्याकडे गोल्डिंग्ज आणि फगल चालतात.

तो ‘आमच्याकडे’ मला फार लागला. अहो, हा हॉप केंटमध्येच जन्मला! वाय कॉलेजात प्रोफेसर सॅमन यांनी १९२७ साली ब्रॅम्लिंग या गोल्डिंग जातीच्या वेलाचा कॅनडातल्या मॅनिटोबाच्या रानवेलाशी संकर केला. आई केंटची, बाप परदेशी. ब्लॅककरंट आणि लिंबाचा वास त्या संकरातूनच आलाय. आणि बाहेरचं म्हणून बाद करायचं, तर हॉप्सच बाद करावे लागतील. पंधराव्या शतकात फ्लँडर्सकडून हॉप्स घातलेली बिअर इंग्लंडात आली, त्याआधी इथली बिअर, म्हणजे एल, हॉप्सशिवायच होत असे. हे सगळं त्या दिवशी तोंडावर सांगायला हवं होतं.

म्हणून माझं म्हणणं, निम्मे गोल्डिंग्ज घालून ब्रॅम्लिंग क्रॉस दाबू नका. एकटाच वापरा, लोकांना तो वास येऊ द्या. पोर्टर या काळपट बिअरमध्ये तर याला तोड नाही.

बाकी, प्रोग्रेस हा हॉप चांगला आहे. मर रोगाने फगलचे मळे जायला लागले तेव्हा पर्याय म्हणून वायमध्येच काढलेला. फगलच्या जागी बिनधास्त घाला, फक्त अल्फा (कडवटपणा देणारं आम्ल) जास्त असतो, तेवढं माप कमी करा. फर्स्ट गोल्ड हा बुटका वेल, संत्र्याच्या सालीसारखा वास. तो ड्राय हॉपिंगला, म्हणजे न उकळता थंड बिअरमध्ये घालायला ठेवा, २० ग्रॅम पुरे.

एक राहिलं. ब्रॅम्लिंग क्रॉस दर हंगामात सारखा नसतो, पाकिटावरचा अल्फा बघूनच माप ठरवा. माझे ३५ ग्रॅम ६ टक्क्यांच्या हिशोबाने आहेत. शेवटी घालायचे ३० ग्रॅमच्या वर नेलेत तर बिटर सरबतासारखी लागते, मी एक अख्खी बॅच अशी घालवली आहे. पाकीट उघडल्यावर चीजसारखा वास आला तर परत करा. आणि महाराष्ट्रात राहत असाल तर परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. इंग्लंडात घरी पिण्यापुरती करायला १९६३ पासून परवाना लागत नाही.

पुढच्या महिन्यात त्याच क्लबात तीच बिटर, त्याच मापाने, पुन्हा ठेवतोय. बाटलीवरच्या चिठ्ठीत या वेळी हॉपचं नाव, ‘वाय, केंट’ आणि १९२७ एवढं लिहिणार आहे.