हॅरी पॉटरमधली भाकितं: नियम एक नाही, दोन आहेत

भावा, तुझा प्रश्न असा की तिसऱ्या पुस्तकात भविष्य शिकवणाऱ्या ट्रेलॉनीबाईंचं भाकीत जसंच्या तसं खरं होतं आणि सहाव्यात शाळेचा मुख्याध्यापक डंबलडोर हॅरीला सांगतो की भाकिताला एवढं महत्त्व देऊ नकोस, मग लेखिकेचं नक्की काय ठरलं होतं. माझ्या मते ठरलं नव्हतं. ही सिरीज मी चार-पाच वेळा वाचलीय आणि दरवेळी इथंच अडखळतो, आणि लई जीव असल्यामुळंच ते खटकतं.

आधी जे जमलंय ते सांगतो. मोठं भाकीत पाचव्या पुस्तकात कळतं, म्हणजे खलनायक व्होल्डेमॉर्टला हरवू शकणारा पोरगा जुलैच्या शेवटी जन्मणार हे, ते हॅरीला पण लागू होतं आणि त्याच्या वर्गातल्या नेव्हिलला पण. तेव्हा व्होल्डेमॉर्टचा माणूस असलेल्या स्नेपनं त्यातलं अर्धंच ऐकलं आणि ते जाऊन व्होल्डेमॉर्टला सांगितलं, त्यानं दोघांतला हॅरी निवडला, मारायला गेला आणि स्वतःच्या हातानं आपला वैरी तयार केला. आपल्याला हे नवीन नाही, कंसाचं काय झालं? भागवतात दहाव्या स्कंधात वसुदेव पहिलं पोर घेऊन येतो तेव्हा कंस ते परत देतो, म्हणतो मला भीती आठव्याची आहे, याची नाही. मग नारद येऊन त्याच्या डोक्यात भरवतात आणि तिथनं बेड्या, कैद, पोरं मारणं सगळं सुरू होतं. आमची आज्जी गोकुळाष्टमीला हे सांगायची तेव्हा प्रत्येक वेळी वाटायचं, तेवढं त्यानं ऐकलं नसतं तर! सहाव्या पुस्तकात डंबलडोर हेच बोलतो, की व्होल्डेमॉर्टनं ते कधी ऐकलंच नसतं तर ते खरं झालं असतं का, आणि जादूच्या मंत्रालयात ठेवलेली सगळी भाकितं काय खरी झालेली नाहीत. इथपर्यंत एकदम पटतं.

आता तिसरं पुस्तक घे. परीक्षेच्या वेळी बाईंचा आवाज बदलतो आणि त्या म्हणतात आज मध्यरात्रीच्या आत नोकर सुटणार, मालकाकडं जाणार आणि त्याच्या मदतीनं मालक परत उठणार. त्याच रात्री व्होल्डेमॉर्टचा नोकर पेटिग्र्यू सुटतो, आणि चौथ्या पुस्तकात व्होल्डेमॉर्ट उठतो पण. हे कुणी ऐकलं होतं? पेटिग्र्यूनं नाही, हॅरीचा धर्मपिता सिरियस त्यानं नाही, व्होल्डेमॉर्टनं तर नाहीच. हॅरी मित्रांना सांगायला जातो तर त्यांच्याकडं हॅग्रिडची चिठ्ठी आलेली असते, हॅग्रिडच्या लाडक्या प्राण्याला, बकबीकला, मारायचं ठरलेलं असतं, त्यात ते राहूनच जातं. म्हणजे ऐकलं, विश्वास ठेवला, म्हणून तसं वागला आणि म्हणून खरं झालं, ही साखळीच इथं नाही.

कोल्हापूरकराला हा फरक समजावायला नको खरं तर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. पाणी चढायचं ते चढतंच, तुम्ही ऐका नाहीतर ऐकू नका. पण घरातलं सामान भिजणार का नाही ते तुम्ही ऐकून काय केलं त्यावर असतं, २०१९ च्या पुरात मी हीच पुस्तकं आधी माळ्यावर टाकली म्हणून वाचली. तर तिसऱ्यातलं भाकीत हे पाण्यासारखं आहे आणि पाचव्यातलं सामानासारखं, आणि डंबलडोर सहाव्यात दोन्हीला एकच नियम लावल्यासारखं बोलतो.

काहीजण म्हणतात की सिरियस मारायला निघाला असताना हॅरीनं पेटिग्र्यूला जीवदान दिलं ही त्याची निवडच होती ना, मग ती भाकितापेक्षा मोठी. मुद्दा चांगला आहे, पण मग उलट जास्तच अडचण होते, कारण हॅरीनं दया दाखवली तरच नोकर सुटणार होता, म्हणजे बाई परीक्षा घेत होत्या तेव्हाच ती दया ठरलेली होती का? डंबलडोर स्वतः त्याच पुस्तकात शेवटी सांगतो की आपल्या वागण्याचे परिणाम इतके गुंतागुंतीचे असतात की भविष्य सांगणं फार अवघड. आणि हे तो बोलतो कधी, तर त्याच रात्रीचं भाकीत खरं ठरल्यावर!

मला सगळ्यात जास्त त्रास पाचव्या आणि सहाव्याच्या मधल्या उडीचा होतो. पाचव्याच्या शेवटी हॅरी विचारतो की म्हणजे शेवटी आमच्यातल्या एकाला दुसऱ्याला मारावंच लागणार, आणि डंबलडोर सरळ हो म्हणतो. हे ओझं पोरावर नको म्हणून त्यानं इतकी वर्षं लपवलेलं असतं, आणि ते भाकीत साठवलेल्या काचेच्या गोळ्यापायी सिरियस गेलेला असतो. आणि पुढच्याच पुस्तकात तोच माणूस म्हणतो की तू त्या भाकिताकडं पाठ फिरवायला मोकळा आहेस. दुसरं म्हणणं मला जास्त आवडतं, पण मग पाचव्यात त्या हो च्या पुढं अजून एक वाक्य हवं होतं. सिरियसला गमावून दोन तास पण झाले नाहीत अशा पोराला ते वाक्य वर्षभर मिळत नाही.

तिसऱ्यातला तो परीक्षेचा प्रसंग परत एकदा वाच. शुद्धीवर आल्यावर ट्रेलॉनीबाईंना आपण काय बोललो ते आठवत नाही, उलट हॅरी सांगतो तर त्या विश्वासच ठेवत नाहीत. म्हणजे त्या रात्री ते भाकीत अख्ख्या जगात एकट्या हॅरीला माहीत होतं, आणि झाडाखालच्या त्या बोगद्यात शिरल्यावर त्याच्या पण डोक्यातनं ते गेलेलं होतं.