पौर्णिमा सोडा, अष्टमी गाठा

प्रश्न : मी मूळची गुहागरची, सध्या वेल्समध्ये स्वान्सीला शिकते. इथल्या रॉसिली किनाऱ्यावर ‘हेल्वेशिया’ या जुन्या जहाजाचा लाकडी सांगाडा वाळूत उभा आहे. सूर्यास्ताला त्याचे फोटो काढायचे म्हणून ऑक्टोबरच्या पौर्णिमेला मुद्दाम गेले, तर सगळीकडे पाणीच पाणी! आमच्याकडे पौर्णिमेच्या संध्याकाळी ओहोटी असते. मग इथे असं का? आणि कॅमेऱ्याचं सेटिंग काय ठेवू?

उत्तर : तुमचा हिशेब कोकणाला अगदी बरोबर लागू पडतो. आपल्याकडे पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणून सहाला ओहोटी. स्वान्सीच्या बाजूला नेमकं उलट. तिथे उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरतीच सकाळ-संध्याकाळी सहा-सातला येते, आणि पाणीही उभ्या उंचीत आठ मीटरहून जास्त चढतं. तेव्हा पौर्णिमा सोडा, अष्टमीच्या आसपासचा दिवस धरा. तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वात कमी. ही भांगाची ओहोटी ऑक्टोबरात सूर्यास्ताच्या सुमारास येते. भांगात पाणी फार मागे हटत नाही, पण फोटोला तेच हवं : फासळ्यांच्या बुडाशी डबकी राहतात आणि आभाळ त्यांत उतरतं. तरी निघण्यापूर्वी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघाच.

सेटिंग त्यानंतर. एफ-11, आयएसओ 100, ट्रायपॉड अगदी बुटका, म्हणजे फासळ्या क्षितिजाच्या वर निघतील आणि मागे वर्म्स हेड या भूशिराचं टोक बसेल. ट्रायपॉडचे पाय आधी दाबून वाळूत रुतवा. परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि कॅमेरा नकळत कलतो. लाट मागे फिरली की अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर द्या, लाकडाभोवती फेसाच्या रेघा उमटतात. तीस सेकंदांची एक्स्पोजरं देऊन समुद्राचं धुकं करण्याची सध्या टूम आहे, मला ती मुळीच पटत नाही. त्यात तो समुद्र राहतच नाही.

आणि नुसत्या सूर्यास्तावर थांबू नका. हे नॉर्वेचं ओकचं शिडाचं जहाज. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकहून 500 टन लाकूड घेऊन तुमच्या स्वान्सीलाच निघालं होतं. 1 नोव्हेंबर 1887 ला वादळात त्याचा नांगर घसरला आणि ते या वाळूवर चढलं. इतकी वर्षं खारं पाणी खाऊन त्या ओकच्या शिरा वर आल्या आहेत, लोखंडी खिळ्यांभोवती गंज पाझरलाय. हे टिपायला ढगाळ दुपार उत्तम, उधाणाची भरदुपारची ओहोटी तेव्हा कामी येईल. जवळ जा, पण फासळ्यांवर पाय देऊ नका.

सूर्यास्ताला गेलात तर टॉर्च न्या. गावात जाणारी वाट चांगलीच चढाची आहे.