चुकीचे डायनासोर पाहायला जावं का?

प्रश्न : मुलीकडे लंडनला जाते आहे. नातू सात वर्षांचा, डायनासोरवेडा. क्रिस्टल पॅलेस पार्कमधले जुने डायनासोर त्याला दाखवावेत असं मनात आहे. पण जावई म्हणतात, "ते पुतळे साफ चुकीचे आहेत. त्यापेक्षा म्युझियममधले सांगाडे दाखवा." काय करू?

उत्तर : ताई, जमलं तर दोन्ही दाखवा. एकाच ठिकाणी जाणं होणार असेल, तर मात्र पार्कात जा. मी बरीच वर्षं भूशास्त्र शिकवलं आणि हे पुतळे मला फार जवळचे आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

जावईबापूंचं म्हणणं खोटं नाही. इग्वानोडॉन या डायनासोरच्या नाकावर गेंड्यासारखं शिंग दिसेल. ते नाकावरचं नव्हेच. ते त्याच्या अंगठ्याचं टोकदार हाड. पण हे कळलं कधी? १८७८ साली बेल्जियममधल्या बर्निसारच्या कोळशाच्या खाणीत सबंध सांगाडे सापडले, त्यानंतर. पुतळे उभे राहिले १८५४ साली. तोवर एकाही डायनासोरचा पूर्ण सांगाडा कुणाच्या हाती लागला नव्हता. इग्वानोडॉनला नाव देणारे इंग्रज डॉक्टर गिडियन मँटेल यांना मिळाले होते दात आणि सुटी हाडं. दात आजच्या इग्वाना या मोठ्या सरड्यासारखे दिसले, म्हणून त्यांनी प्राणीही तसाच कल्पिला. हाती असलेल्या पुराव्यावर केलेला तो प्रामाणिक तर्क होता, आणि तो इतक्या मोठ्या आकारात उभा केलेला दुसरीकडे कुठे पाहायला मिळणार?

पुतळे घडवले बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांनी. सल्ला शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांचा. डायनासोर हे नाव १८४२ मध्ये त्यांनीच दिलं. हाइड पार्कमधल्या १८५१ च्या महाप्रदर्शनाचा काचमहाल, म्हणजेच क्रिस्टल पॅलेस, लंडनच्याच सिडनहॅम भागात हलवला, तेव्हा त्याच्याभोवतीच्या बागेसाठी हे काम निघालं. महाल १९३६ च्या आगीत गेला, प्राणी राहिले. ते पोकळ मातीचे नाहीत, रीतसर बांधकाम आहे. एका उभ्या इग्वानोडॉनला चार लोखंडी खांब, ६०० विटा आणि ३८ पिंपं सिमेंट लागल्याचा हिशेब खुद्द हॉकिन्स यांनी दिला आहे. शिवाय कौलं आणि दगडांची खडी वेगळीच. १८५३ च्या ३१ डिसेंबरला इग्वानोडॉनच्या साच्यात बसून शास्त्रज्ञ मंडळी जेवली, हे नातवाला जरूर सांगा.

आता बघायचं कसं. पुतळे तळ्यातल्या बेटांवर आहेत, पायवाटेवरून लांबून पाहायचे, म्हणून दुर्बीण न्याच. पुतळे तीसच्या आसपास असले तरी त्यात खरे डायनासोर चारच : दोन इग्वानोडॉन, एक मेगालोसॉरस, एक हायलिओसॉरस. ते कोणते, हे नातवालाच ओळखू द्या. बाकीचे सागरी सरीसृप, उडते सरीसृप, उभयचर आणि सस्तन प्राणी. मांडणी काळाप्रमाणे आहे. जुन्या युगाकडून अलीकडे येत चाला.

माझा जीव अडकतो तो मोसासॉरस या सागरी सरीसृपापाशी. पाण्यातून नुसतं डोकं, थोडी पाठ आणि एक वल्ह्यासारखा पाय वर आलेला. त्या काळी हाताशी होती मुख्यतः कवटी. उरलेलं धड कसं होतं कोणाला ठाऊक नव्हतं. मग हॉकिन्स यांनी ते पाण्याखालीच ठेवलं! माहीत नाही ते रचून दाखवायचं नाही, ही शिस्त मला फार मोलाची वाटते. इक्थिओसॉर या दुसऱ्या सागरी सरीसृपाच्या डोळ्याकडेही दुर्बीण लावा. बुबुळाभोवती हाडाच्या चकत्यांचं कडं कोरलेलं दिसेल. जीवाश्मात ते कडं खरोखरच सापडतं. जिवंतपणी मात्र ते असं उघडं दिसलं नसतं. सगळ्यात शेवटी आयरिश एल्क, म्हणजे नामशेष झालेली प्रचंड हरणं. त्यांच्या डोक्यावर सुरुवातीला खरी जीवाश्म शिंगं बसवली होती.

या पुतळ्यांना २००७ पासून तिथल्या वारसा यादीत सर्वोच्च श्रेणी आहे. तरी २०२० साली ते धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेले. सांधे उकलले आहेत, आतलं लोखंड गंजलं आहे. २०२० मध्ये मेगालोसॉरसचा जबडा निखळला आणि २०२१ मध्ये नवा बसवावा लागला. म्हणून नातवाला आधीच समजावा : कुंपण ओलांडून बेटावर जायचं नाही. फोटोसाठी पुतळ्यावर चढणारे लोक पाहिले की मला खरंच राग येतो.

पार्कला तिकीट नाही. क्रिस्टल पॅलेस स्टेशनवरून पायी जाता येतं, पेंज वेस्टही जवळच आहे. पुतळ्यांच्या डागडुजीसाठी काही भाग अधूनमधून पत्रे लावून बंद ठेवतात. म्हणून निघण्यापूर्वी मुलीला पार्कच्या संकेतस्थळावर बघून घ्यायला सांगा. आणि जावयांनाही सोबत न्या. शिंग नाकावर का गेलं, हे नातवाला त्यांनीच समजावून सांगावं.