‘लेकरू यांना पप्पा म्हणत नाही’

लातूर जिल्ह्यातल्या एका बाईंचा प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पहिला नवरा वारला, दुसरं लग्न होऊन वर्ष झालं. नऊ वर्षांचा मुलगा नव्या वडिलांना अजून ‘काका’च म्हणतो. “आडनाव बदललं, दत्तकाचे कागद केले, तर लेकरू या घरचं होईल का?”

नवरा समजूतदार. त्याची सहा वर्षांची मुलगीही याच घरात, तिची आई वारलेली. पण पाहुणे आले की सासूबाई मुलाला पुढं ओढायच्या, “म्हण, पप्पा म्हण.” तो मान खाली घालून उभा राहायचा आणि पाहुणे गेले की त्या मुलीच्या वह्या फाडायचा. वेळ अमावस्येला, म्हणजे सगळ्यांनी रानात जाऊन जेवायच्या सणाला, त्याला आजाच्या (वारलेल्या वडिलांच्या वडिलांच्या) रानात जायचं होतं. वडील असताना कडब्याच्या कोपीत (खोपटात) आंबील-भज्जी तिथंच व्हायची. “आपल्याला रान नाही का?” असं म्हणून त्याला थांबवलं. तो दिवसभर जेवला नाही.

या वयात ‘पप्पा’ म्हणणं म्हणजे मेलेल्या बापाला सोडणं, असं मुलाला वाटतं. जबरदस्ती केली की तो बापाला आणखी घट्ट धरतो. म्हणून हाक मुलावर सोडायला सांगितली, सासूबाईंना समोर बसवून. रागावणं सध्या फक्त आईनं करायचं. नवऱ्यानं रोज एक काम मुलाला सोबत घेऊन करायचं, उपदेश न करता. त्यांनी संध्याकाळी पाण्याची मोटार चालू करायला जाणं निवडलं. वडिलांचा फोटो पेटीतून काढून अभ्यासाच्या जागी लावला. वेळ अमावस्या आजाकडं, दिवाळी पाडवा इकडं, हे मुलाला आधीच सांगून ठेवलं.

आजा मात्र जमीन नव्या घरी जाईल या भीतीनं तुटक वागत होता, म्हणून कागद आधी नीट केले. वडिलांच्या जमिनीवर मुलाची आणि आईची वारस नोंद करायची. विधवेनं पुन्हा लग्न केलं तरी तिला मिळालेला हिस्सा जात नाही. सातबारावर मुलाच्या नावापुढं ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालक कर्ता) म्हणून आई लागते. सावत्र वडील नैसर्गिक पालक ठरत नाहीत आणि मुलाच्या हिश्शाची जमीन आईलाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. हे ऐकून आजा मोकळा झाला.

दत्तकाची घाई मी थांबवायला सांगितली. सावत्र पालकाच्या दत्तकासाठी दत्तकाच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते, जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत अर्ज जातो आणि २०२२ पासून आदेश जिल्हाधिकारी देतात. पाच वर्षांपुढच्या मुलाची संमती लागते. पण आदेशानं जन्मघराशी कायद्याचं नातं तुटतं. आधीच नावावर आलेली जमीन मुलाचीच राहते, आजाच्या मिळकतीतला पुढचा वारसा मात्र जातो. उलट दत्तक नसेल तर सावत्र वडिलांच्या मिळकतीत मुलगा आपोआप वारस होत नाही. त्यासाठी नवऱ्यानं मृत्युपत्र केलं.

आडनाव ठरवायचा अधिकार आईला आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण नुसत्या शाळेत बदलून भागत नाही. जन्मदाखला, आधार आणि जातीचा दाखला यांत फरक राहिला की पुढं पडताळणीत अडतं. मुलालाही जुनंच हवं होतं, तेच ठेवलं.

मुलगा अजून ‘काका’च म्हणतो, वह्या मात्र फाडत नाही. मुलगी नव्या आईला पहिल्या महिन्यापासून ‘आई’ म्हणते, म्हणून तिच्याकडं कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. पुढच्या भेटीला तिलाही आणायला सांगितलं आहे.