तेराव्या वर्षी आधी काय सांभाळायचं

दुभंगलेल्या ओठ-टाळूसह जन्मलेली तुमची तेरा वर्षांची मुलगी अचानक फोटोत यायला नको म्हणते, असं तुम्ही लिहिलंय, ते वाचलं. अशा मुलांच्या बऱ्याच घरांत या वयात असं होतं, घाबरू नका. सध्या एवढंच बघा:

१. तिच्या वतीने बोलणं थांबवा. ही चूक जवळपास सगळेच पालक करतात. कुणी "काय म्हणालीस?" विचारलं की आपण उत्तर देऊन मोकळे! तिलाच पुन्हा सांगू द्या, दोन क्षण अवघडलेले गेले तर जाऊ देत. ओठावरच्या खुणेबद्दल कुणी विचारलं तर तिचं स्वतःचं एका ओळीचं उत्तर तयार हवं: "जन्मतः ओठ दुभंगलेला होता, ऑपरेशन झालंय." मग खुशाल विषय बदलायचा.

२. आवाज जास्त नाकातून येऊ लागला तर "नीट बोल" म्हणू नका. या वयात ॲडेनॉइड (नाकामागच्या, घशाच्या वरच्या भागातल्या गाठी) आक्रसतात. मग टाळू घशाच्या मागच्या भिंतीला पुरेसा टेकत नाही आणि हवा नाकातून निसटू शकते. तो आळस नाही. स्पीच थेरपिस्टला दाखवा, कानही तपासून घ्या.

३. ऑपरेशनची घाई नको. जबड्याची शस्त्रक्रिया सहसा वाढ थांबल्यावरच करतात. आपल्याला तिचं नाक खटकतं, तिला कदाचित दात खटकत असतील. विचारा. दुभंगलेल्या ओठ-टाळूसह जन्मलेल्यांना स्वतःचं दिसणं, बोलणं कसं वाटतं हे विचारणारी, ८ ते २९ वयासाठीची क्लेफ्ट-क्यू नावाची प्रश्नावली आहे, तिचाही उपयोग होतो. डॉक्टरांशी थोडा वेळ तिला एकटीला बोलू द्या.

सगळीच चिडचिड ओठापायी नसते हो, वयही तेरा आहे! पण शाळा टाळू लागली, जेवण-झोप बिघडली तर समुपदेशकाकडे लगेच जा.