मधमाश्या कमी झाल्याने कोकणातील पिकांवर काय परिणाम होतो?

भाताचे काही बिघडत नाही, कारण त्याचे परागीभवन फुलातल्या फुलात होते. मात्र कलिंगड, काकडी या वेलींचे नुकसान त्याच हंगामात दिसते, आणि ते मी गुहागर तालुक्यातील आमच्या मळ्यात पाहिले आहे.

भातकापणीनंतर आम्ही कलिंगड लावतो आणि वरच्या कातळावर चुलतभावाची हापूसची बाग आहे. एका वर्षी मोहोराचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांसाठी त्याने भर मोहोरात, तेही सकाळी, फवारणी केली आणि माझ्या सातेरीच्या (पेटीत पाळतात त्या देशी मधमाशीच्या) पेट्यांसमोर मेलेल्या माश्यांचा सडा पडला. कलिंगडाचे मादी फूल एकाच सकाळी उमलून दुपारी मिटते, आणि त्याचे चिकट पराग वारा वाहून नेत नाही. आमची कोवळी फळे पिवळी पडून गळू लागली; जी राहिली ती एका अंगाने फुगून वाकडी झाली. पालाश (पोटॅश खत) कमी पडले, असे भावाचे ठाम मत होते. म्हणून एका सरीत मी रोज सकाळी नर फुले खुडून त्यांचे पराग हाताने मादी फुलांवर लावले. खत आणि पाणी तेच ठेवूनही त्या सरीत फळे धरली आणि गोल भरली, शेजारच्या सरीत नाही. तरीही तो पालाशच म्हणत राहिला.

माझे स्पष्ट मत असे आहे की उमललेल्या मोहोरावर कीटकनाशक मारणे हा शेजाऱ्याच्या पिकावर केलेला अन्याय आहे. तुडतुड्यांचा बंदोबस्त पालवीवर आणि बोंगे (मोहोराचे फुगलेले डोळे) फुटताना करावा. पुढे अगदीच निकड भासली, तर माश्या परतल्यावर संध्याकाळी.

सगळा दोष फवारणीचा नाही, हेही नोंदवतो: 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतात सातेरीच्या असंख्य वसाहती संपवल्या. शिवाय हापूसच्या मोहोरावर मधमाश्यांपेक्षा घरमाशीच्या जातीच्या इतर माश्यांची वर्दळ अधिक असते, त्यामुळे मधमाश्या घटल्या म्हणून आंबा संपणार नाही. ‘आंब्याला मधमाशी लागत नाही’ हे भावाचे वाक्य तेवढ्यापुरते खरे आहे. पण त्या फवाऱ्याने त्या इतर माश्याही मरतात, म्हणजे तो स्वतःच्याच मोहोराची फळधारणा कमी करतो. आपण पेट्या आणणार असाल, तर आधी वरच्या बागेवाल्याशी फवारणीच्या वेळा ठरवून घ्या.